भैंशाची फ्लॉपी

गुडीहत्नूरवरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या, की मला राग यायला सुरुवात होते. लोकांना या दिवसांत सर्दी होते, मला राग येतो. गाड्यांवर ताडपत्री आवळून बांधलेली असते, तरी कुठून तरी पांढरा पुंजका सुटतोच आणि हायवेच्या कडेच्या बाभळींना जाऊन अडकतो. सकाळी शाळेत जाताना मी त्या बाभळींकडे बघत उभी राहते. मुलांना वाटतं, बाई निसर्ग बघताहेत. बाई खरं तर मनातल्या मनात एका माणसाला उभं-आडवं सोलत असतात.

तसा हा मोसम वाईट नाही. दसरा-दिवाळीच्या मधल्या त्या दिवसांत उन्हाची धार जाते, पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं, तुरीला पिवळी फुलं धरायला लागतात. बाजारात सीताफळांच्या टोपल्या येतात. रानातून घरी येणाऱ्या बायकांच्या केसांत, पदराला, कोपराला कापूस चिकटलेला असतो आणि त्या तो झटकतही नाहीत. मलाही हे सगळं एके काळी फार आवडायचं. त्या आवडीचं पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे माझ्या रागाची जातकुळी कळेल.

मी तेव्हा भैंशाच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. भैंसा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. आता जिल्हे फुटले आणि ते तेलंगणातल्या निर्मल जिल्ह्यात गेलं. आम्ही बौद्ध. आजी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची, तिच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे बारमाही असायचे. माझे वडील शिकून प्राथमिक शाळेत मास्तर झाले. मी नांदेडला जाऊन कंप्युटरचा कोर्स केला आणि जिनिंगच्या शेठजींनी हैदराबादहून आणलेल्या यंत्रासमोर जाऊन बसले. आजीनं जो कापूस वेचला, त्याचं वजन आता नात टीव्हीवर चढवते, असं बाबा विहारात सगळ्यांना सांगायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

त्या यंत्राच्या कंपनीचं नाव आज कुणाला आठवायचं नाही. दोन-चार वर्षं चालली आणि बुडाली. जाड काचेचा काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि खाली फ्लॉपी घालायची फट. फ्लॉपी म्हणजे पापडाएवढी पातळ तबकडी, चौकोनी काळ्या पाकिटात कायमची बंद केलेली. पाकिटाला एका बाजूला बोटभर लांबट खिडकी. त्या खिडकीतून आतली तपकिरी तबकडी दिसायची आणि यंत्र तिथूनच तिला वाचायचं. आत घातली की कुर्र, कुर्र असा आवाज यायचा. बाहेर जिनिंगचा एवढा गोंगाट, सरकीचा तो तेलकट वास, पापण्यांवर बसणारा कापसाचा भुगा, आणि माझ्या खोलीत मात्र हा कुर्र आवाज. दाराला मी ओलं फडकं लावून ठेवायची, भुगा आत येऊ नये म्हणून. हमाल म्हणायचे, बाईंनी मशीनीला सोवळ्यात बसवलंय.

कापूस घेऊन आलेले लोक वजन झालं की माझ्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. त्यांना आपलं नाव बघायचं असायचं. बाजारहत्नूरकडची गंगूबाई म्हणून एक होती, विधवा, स्वतःची बंडी स्वतः हाकत यायची. तिनं विचारलं, "आलं काय वं मायं नाव त्या टीव्हीत?" मी पडदा तिच्याकडे फिरवला. अक्षरं इंग्रजी होती, तिला मराठीही वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "साजरं दिसते." त्या मोसमात मी जितकी खुश होते तितकी नंतर कधी झाल्याचं आठवत नाही.

जिनिंगचे मॅनेजर शेठजींच्या विश्वासातले. आपलेच मराठी, हिंदू घरातले, पिढ्यान्‌पिढ्या भैंशात राहणारे. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळाला अष्टगंध, बोलणं गोड. कंप्युटरला ते हात लावत नसत, पण त्याच्यावर हुकूम चालवत. मी एकदा म्हटलं, साहेब, या फ्लॉपीची एक नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर करून ठेवू या. ते हसले. "एका वहीच्या दोन वह्या कोन ठेवते, बाई? लोक चोर म्हनतीन आपल्याले." विषय संपला.

मग दसरा आला. जिनिंगमध्ये खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. गाळ्यांना झेंडूच्या माळा, वजनकाट्याला हळदकुंकू, नारळ, पेढे. मी त्या दिवशी तिथं नव्हते. आमचा दसरा नागपूरला असतो. आदल्या दिवशीच बाबा आणि मी बसनं दीक्षाभूमीला गेलो होतो, दर वर्षी जायचो तसे. त्या गर्दीत बाबांनी मला एका पुस्तकाच्या स्टॉलवर जाड इंग्रजी शब्दकोश घेऊन दिला आणि परतताना मांडीवर ठेवून मी तो सगळी वाट चाळला.

परत आल्यावर कामावर गेले, यंत्र सुरू केलं, चालू मोसमाची फ्लॉपी आत घातली. कुर्र आवाज वेगळा आला. जरा खरखरीत. पडद्यावर उमटलं, की या तबकडीवर काहीच नाही. पुन्हा घातली, पुन्हा तेच. गावंच्या गावं गेली, माणसं गेली, सगळी वजनं गेली. मी मॅनेजरांना सांगायला उठले, तर ते दारात उभेच होते, आणि त्यांच्या मागं शेठजी.

पुढचं मला शब्दशः आठवतं. मॅनेजर अंगणात गेले आणि हमाल, गाडीवाले, कापूस घेऊन आलेले लोक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "भीमनगरच्या मास्तराची सुजाता. मशीनीची पूजा टाकून नागपूरले गेली आन्‌ जाताना सगळं पुसून गेली. काऊन पुसलं ते तिलेच इचारा." शेठजी हिंदीत एवढंच म्हणाले, की अब ये लडकी नहीं चाहिए. दुसऱ्या दिवशी बाबा बोलायला आले तर त्यांना वजनकाट्यापाशी उभं ठेवलं. माझ्या वडलांना शाळेत बघून तालुक्याचा साहेब उठून उभा राहायचा, त्यांना तिथं बस म्हणायला कुणी नव्हतं. माझ्या खुर्चीत थोड्याच दिवसांत मॅनेजरांचा मेहुणा बसला. निघताना मॅनेजरांनी ती फ्लॉपी माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा तुमची ताटली. आमाले काय कामाची ते?"

घरी बाबांनी मला एकदाच विचारलं, "चुकून तर तुझ्या हातून काही झालं नाही ना?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं." त्या एका शब्दात त्यांचा विश्वास होता की नव्हता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायला आता ते नाहीत.

नोकरी जाते, दुसरी मिळते. मी बी.एड. केलं, शिक्षिका झाले, माझं काही अडलं नाही. पण ती गोष्ट माझ्या पुढं पुढं चालत राहिली. मॅनेजरांना ती सांगायला फार आवडायची. लग्नात, बारशात, पंगतीत, जिथं कंप्युटरचा विषय निघेल तिथं ते ती सांगायचे, आणि दर वेळी माझ्या नावानिशी. पहिलं स्थळ आलं ते चहा पिऊन झाल्यावर म्हणालं, "मशीन पुसून टाकनारी थे तुमचीच काय?" आणि पुन्हा आलं नाही. कितीतरी वर्षांनी एका लग्नात माझ्याच शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं मला माझीच गोष्ट सांगितली. तिच्या गोष्टीत मी शेठजींच्या शत्रूकडून पैसे खाल्ले होते आणि पळून गेले होते. मी तिला म्हटलं, हो का, आणि जिलबी खात राहिले.

विहारात दर पौर्णिमेला वैर सोडा म्हणून सांगतात. मी मान डोलावते, अगदी मनापासून डोलावते, आणि वैर पदरात बांधूनच घरी येते. साप डूख धरतो म्हणतात. सापाला एवढी स्मरणशक्ती असते की नाही मला माहीत नाही. मला आहे.

फ्लॉपी मी कधी टाकली नाही. बाबांच्या प्रमाणपत्रांच्या खाली कपाटात पडून होती. तिच्याकडे परत वळले ते माझा नवरा तहसीलमधून रिटायर झाला आणि घरात इंटरनेट धड चालायला लागलं तेव्हा. कुठल्या तरी पानावर मला अशी माणसं भेटली, जी जुन्या, विस्मरणात गेलेल्या कंप्युटरांच्या फ्लॉप्या वाचतात. देशोदेशीची माणसं. कुणी घड्याळजी, कुणी निवृत्त इंजिनीअर, एक पुण्याचे गृहस्थ. कुठल्या यंत्रानं तबकडीवर कशी वर्तुळं आखली, कुठल्या वर्तुळात काय ठेवलं, यावर ते तासन्‌तास वाद घालतात. मला ही माणसं फार जवळची वाटली. त्यांनाही जुनं काही सोडवत नाही.

मी शिकत गेले. हैदराबादच्या भंगारातून फ्लॉपीचा जुना ड्राइव्ह मागवला. त्याला जोडायची एक छोटी हिरवी पट्टी मिळते, ती तबकडीवरचे चुंबकाचे बारीक बारीक ठोके जसेच्या तसे टिपून घेते. त्या ठोक्यांची अक्षरं कशी करायची ते नंतर आपण बघायचं. बुडालेल्या कंपनीचं यंत्र नसलं तरी चालतं. सरावाला मी लोकांच्या फ्लॉप्या मागून आणल्या. एका ज्योतिष्याच्या फ्लॉपीतून कुंडल्या निघाल्या, एका शाळेच्या फ्लॉपीतून स्नेहसंमेलनाचं भाषण. जेवणाच्या टेबलावर तारा, स्क्रू आणि स्पिरिटची बाटली पसरलेली. नवरा ताट घेऊन उभ्यानं जेवायचा.

"काऊन करून राह्यली हे?" तो म्हणायचा. "इतक्या वर्षांचं खरकटं काऊन खरवडून राह्यली?"

"माझ्या ताटातलं आहे," मी म्हणायची.

या कामात एक नियम सगळे पाळतात. जुनी फ्लॉपी सरळ ड्राइव्हमध्ये घालायची नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यांनी तिला बुरशी धरलेली असते. ती तशीच फिरवली तर तबकडीही खरवडते आणि ड्राइव्हही घाण होतो. म्हणून पाकीट एका कडेनं कापायचं, आतली तबकडी अलगद बाहेर काढायची, पुसायची, आणि मग वाचायची. पाकिटाला आतून पांढऱ्या मऊ कापडाचं अस्तर असतं. गेल्या दिवाळीच्या आधी, गाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, मी भैंशाची फ्लॉपी कापली.

अस्तर पांढरं नव्हतं. त्यावर एक लाल रिंगण होतं, आणि त्या लालाच्या कडेनं पिवळं.

मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं चष्मा लावला, बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "कुकू हाय हे," तो म्हणाला. "हळदकुकू." आणि मग सगळा जन्म तहसीलमध्ये काढलेला माणूस जे म्हणेल तेच म्हणाला. "हात नको लावू. पयले पंचनामा कर. फोटो काढ."

खुर्चीत बसल्याबसल्या मला सगळं दिसलं. जिनिंगमध्ये खंडेनवमीला वह्यांचीही पूजा व्हायची. वही उघडायची, पहिल्या पानावर ओल्या हळदकुंकवाचं बोट टेकवायचं. त्या वर्षी वह्यांच्या जागी फ्लॉपी होती. फ्लॉपीला पान नाही. मग ती उघडते कुठं ते कुणीतरी शोधलं, आणि उघडी जागा एकच होती, ती लांबट खिडकी. तिथंच, तबकडीच्या अंगावर, मधोमध बोट टेकवलं. मनोभावे टेकवलं असेल. मला त्या बोटाचा राग नाही. माझी आजी जात्याला आणि उखळाला हात लावून नमस्कार करायची, ज्यानं पोट भरतं त्याला हात जोडणं मला कळतं. पण कुंकवाचे खरखरीत कण तबकडीबरोबर गरगर फिरले आणि मधली वर्तुळं सोलून निघाली.

तबकडी पुसून वाचली. पडद्यावर तिचं गोल चित्र उमटत गेलं. बाहेरची वर्तुळं हिरवी, म्हणजे शाबूत. मधे लालभडक पट्टा, तिथलं काही वाचता येत नाही. आतली वर्तुळं पुन्हा हिरवी. पुण्याच्या गृहस्थांना चित्र पाठवलं, तर त्यांचा फोन आला. म्हणाले, बाई, या यंत्राची खोड अशी, की ते आपली अनुक्रमणिका तबकडीच्या मधल्या वर्तुळात ठेवायचं. ती गेली की यंत्राला वाटायचं सगळंच कोरं आहे. बाकीचं सगळं जिथल्या तिथं असायचं. मग त्यांनी सांगितलं तसं मी ते एकेक तुकडा जुळवत उघडलं.

नावं आली. मुधोळ, बाजारहत्नूर, इच्चोडा, गुडीहत्नूर. माझ्या हातची इंग्रजी अक्षरं, माझ्याच चुकांसकट. गंगूबाई आली, तिच्या बंडीतल्या कापसासकट. काहीही पुसलेलं नव्हतं. कधीच पुसलेलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला इतका संताप आला की मी उठून अंगणात गेले आणि धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

या मोसमात आम्ही भैंशाला गेलो. नवरा गाडी चालवत होता. रस्त्यावर पुढं कापसाचा ट्रॅक्टर, मागं कापसाचा ट्रॅक्टर, आम्ही मधे. जिनिंग बंद पडून जमाना झाला, तिथं आता लग्नाचं कार्यालय आहे. मॅनेजर त्याच्या मागच्याच घरात राहतात. ओसरीवर खुर्चीत बसले होते. पाय सुजलेले, धोतर अजून पांढरं. सुनेनं पाणी दिलं. मी नाव सांगितलं आणि त्यांनी लगेच ओळखलं, ही गोष्ट मला बरी वाटली. ओळखलं नसतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

मी अस्तर त्यांच्या मांडीवर ठेवलं. चित्र ठेवलं. काय झालं होतं ते एका दमात सांगितलं. सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

मला वाटलं होतं, ते चकित होतील. ते अस्तराकडे बघून म्हणाले, "हो. मीच लावलं होतं कुकू."

"तुमाले कवा समजलं?" मी विचारलं. चिडले की मी आमच्या घरच्या बोलीत बोलते.

"तवाच. तू यायच्या आंधी मी घालून पायली होती मशीनीत. मेवन्यानं शिकवलं होतं थोडंसं. नाही चालली. मंग काढून धोतरानं वरचं कुकू पुसलं."

"मंग मायं नाव काऊन घेतलं?"

त्यांनी अस्तराची घडी घातली, उलगडली. "शेठजी समोर हुभे होते, बाई. कोनाचं तरी नाव घ्याच लागत होतं. तू तिथं नव्हती."

एवढंच कारण होतं. इतकी वर्षं मी त्यांच्या मनात जातीचा द्वेष शोधला, मेहुण्यासाठी रचलेला डाव शोधला. तेही असेल, त्याशिवाय माझं नाव इतक्या सहज कसं जिभेवर आलं? पण त्यांनी सांगितलेलं कारण एवढंच होतं. मी तिथं नव्हते.

"आन्‌ नंतर?" मी विचारलं. "लग्नात, पंगतीत सांगत फिरले, तवा कोन हुभं होतं समोर?"

सुनेनं ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली नाही. तिच्यासमोर ते म्हणाले, की चुकलं. मी ते नीट ऐकून घेतलं. पुन्हा म्हणायला लावलं. हो, लावलं. म्हाताऱ्या माणसाला त्रास दिला असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या.

निघताना त्यांनी मला थांबवलं. मी मासिकांतून लिहिते हे त्यांच्या कानावर होतं. "लिहिशीन तू हे, मले ठाऊक हाय. लिही. पन माया नातवाची सोयरीक चालू हाय. पोरीवाले हैदराबादचे, शिकलेले. मायं नाव तेवढं नको टाकू, बाई. मॅनेजर म्हन, चालते."

"मायी सोयरीक चालू होती," मी म्हटलं, "तवा तुमी काय म्हनत होते मले?"

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "पाय गेले त्याचे. किती दिवस राह्यलेत? कबूल केलं न त्यानं. मॅनेजर लिही, काय बिघडते?" तो भला माणूस आहे. त्याच्या भलेपणावर माझं घर उभं आहे. खिडकीबाहेर वेचणीच्या बायका बांधावर बसून डबे खात होत्या.

म्हणून हा लेख मी मॅनेजर, मॅनेजर असंच लिहीत आले. लिहिता लिहिता मन निवेल, असं वाटलं होतं. शेवटापर्यंत वाट बघितली. त्यांच्या नातवाचं लग्न मोडावं अशी माझी इच्छा नाही. मोडलंच, तर मला झोप लागणार नाही असंही नाही. घरात सून आहे, तिनं ऐकलं, तेवढं पुरे, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण माझी गोष्ट एका ओसरीवर सांगितली गेली नव्हती. ती भर अंगणात सांगितली होती, आणि तिच्यात माझं नाव होतं.

त्या मॅनेजरांचं नाव माणिकराव. वडलांचं नाव गणपतराव. राहणार भैंसा, जुन्या जिनिंगच्या मागं. कुणालाही विचारा, घर दाखवतील.